उपड्या पानांचे मालक

मालक कधीही दुकानाच्या समोरून आत आले नाहीत. येरमाळ्याला स्टँडसमोर माझं मेडिकल होतं आणि तो गाळा त्यांचा होता. शटर पूर्ण वर असायचं, पायऱ्या रुंद होत्या, दारात कुणी आडवं नसायचं. तरी ते मागच्या बोळातून, कडुलिंबाखालून, सलाइनच्या रिकाम्या खोक्यांना वळसा घालून मागच्या दारानं आत यायचे आणि फ्रिजशेजारच्या स्टुलावर टेकायचे.

आधी मला वाटलं, माल किती भरलाय ते बघायला येतात. मग वाटलं, गिऱ्हाईक मोजतात, म्हणजे भाडं वाढवायला बरं. माझा स्वभाव असा आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. मेडिकल चालवणाऱ्यानं भोळं असून चालत नाही. चिठ्ठीवरची सही डॉक्टरची की त्याच्या मेव्हण्याची, खोकल्याचं औषध खोकल्यासाठीच नेतोय की आणखी कशासाठी, हे तोंड बघून ओळखावं लागतं. शिवाय आमचं घरच तसलं. तुळजापूरला आमच्या घरी चहात साखर जरा जास्त पडली तरी आई विचारायची, "काय काम काढलंयस?"

एक दिवस न राहवून मी विचारलं, "मालक, समोरून का येत नाही तुम्ही?"

"समोरनं जाणाऱ्याला कुत्रं भुकतंय, डॉक्टर," ते म्हणाले आणि अडकित्त्यात सुपारी धरली.

मी डॉक्टर नाही. पण गावात मेडिकलवाल्याला डॉक्टरच म्हणतात आणि मीही कधी दुरुस्ती केली नाही. मी उठून समोर बघितलं. कुत्रं नव्हतं.

साठी ओलांडलेला माणूस. पांढरा पायजमा, नेहरू शर्ट, टोपी, आणि डावा डोळा कायम थोडा बारीक, नेम धरल्यासारखा. शेती चांगली होती, ऊस आणि सोयाबीन. गावात मात्र हा एकच गाळा. चहा पाहिजे असला तर ते चहा म्हणायचे नाहीत, "आज ढग आल्यात" म्हणायचे. बाजारात वांग्याचा भाव विचारायचे नाहीत. शेजारच्या पाटीतल्या दोडक्याचं कौतुक करत उभे राहायचे, तोवर वांगीवाली आपणहून भाव उतरवायची. बैल बघायला गेले तर बैलाकडं पाठ करून मालकाच्या म्हाताऱ्या वडलांशी गप्पा मारायचे. अशा माणसाशी रोज बोलायचं म्हणजे डोक्याला ताप असतो. तो जे बोलतोय ते सोडून बाकी सगळ्याकडं लक्ष ठेवावं लागतं.

ऊसतोडीच्या दिवसांत सगळं गाव कारखान्याच्या चिटबॉयच्या मागं असायचं. चिटबॉय म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा ते सांगणारा पोरगा. त्याला हुरड्याला बोलव, त्याच्या घरच्या बारशाला जा, असं चाललेलं असायचं. मालक कुणाकडं गेले नाहीत. आणि एका वर्षी पहिल्या आठवड्यात त्यांचा ऊस उठला. गावात एकच बोभाटा झाला, यांनी कुणाचे तरी हात ओले केले. मीही तेच म्हणत होतो, दुकानात बसून मोठ्यानं. पुढं कधीतरी ट्रॅक्टरवाल्याकडून कळलं, मालकांनी भादव्यातच शेतापर्यंतच्या गाडीवाटेवर स्वतः मुरूम टाकून घेतला होता आणि बाभळीच्या फांद्या छाटल्या होत्या. टोळीनं आपणहून त्यांचं शेत आधी धरलं, कारण तिथं ट्रॉली रुतत नव्हती.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो. "मी उगाच नाव ठेवत बसलो."

"ठिवा की. तुमी नाव ठिवत हुता म्हणून कुणाचं ध्यान वाटंकडं गेलं न्हाय."

हे ऐकून माणसानं काय करावं?

पत्त्यांचा नाद त्यांना त्यांच्या मुलीनं लावला. एकुलती एक मुलगी, पुण्याला दातांची डॉक्टर व्हायला शिकत होती. हॉस्टेलवर पोरं-पोरी खेळतात ते परदेशी पत्ते ती सुट्टीत घेऊन आली. आपले बावन्न पत्ते नव्हेत. यात राजा-राणी नाही. राक्षस, पऱ्या, झाडं, दिवट्या, किल्ले. प्रत्येकाची गड्डी वेगळी. बंद पाकीट विकत घ्यायचं, आत काय निघेल ते नशीब. नको ते पान दुसऱ्याला देऊन हवं ते घ्यायचं आणि आपली गड्डी आपण बांधायची. दोघांना सारखाच जीव मिळतो. आपले राक्षस समोरच्याच्या अंगावर घालायचे, त्याचा जीव संपवायचा, की जिंकलो. बहुतेक लोक असंच खेळतात आणि त्यात काही लपवाछपवी नाही.

मुलगी शिकवत होती तेव्हा मालकांनी पहिला प्रश्न काय विचारला, तर "मारल्याबिगर जिंकता येतंय का?"

येत होतं. पानांवरच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, पण तिकडं कुणी बघत नव्हतं, कारण त्या वाटा लांबच्या आणि बेभरवशाच्या. पाच दिवट्यांची पानं होती. एका पाळीला एक लावायची, पाचही लागेपर्यंत एकही विझली नाही, तर तुम्ही जिंकलात. एक पान असं होतं की तुमच्या हातात आणि टेबलावर दुसरं काहीच उरलं नसेल, अगदी कंगाल झाला असाल, तर तुम्ही जिंकलात. एक असं, की समोरच्याला हात न लावता स्वतःचाच जीव वाढवत न्यायचा आणि दुप्पट झाला की जिंकायचं. आणि सगळ्यात साधा नियम, जो कुणाच्या खिजगणतीत नसायचा: आपल्या पाळीला गड्डीतून एक पान उचलावंच लागतं. उचलायला पान उरलं नाही, तो हरला.

मुलीनं एवढं सांगितलं आणि हा माणूस हरखून गेला. ती परत पुण्याला गेली आणि बापाला खेळायला कुणी उरलं नाही. मग दुपारच्या उन्हात, स्टँडवर गाडी नसताना, ते मागच्या दारानं गड्डी घेऊन माझ्याकडं यायला लागले.

पहिला डाव मला अजून आठवतो. त्यांनी आणलेल्या पानांतून मी बांधलेली गड्डी सडपातळ होती. शहाणी माणसं तशीच ठेवतात, म्हणजे चांगली पानं लवकर हाताला येतात. मालकांची गड्डी विटेएवढी. नियमात बसतील तेवढी सगळी पानं कोंबलेली, निम्मा कचरा. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काही कळलेलं नाही. त्यांनी एक पान उपडं ठेवलं. उपडं पान म्हणजे सापळा असू शकतो. तुम्ही अंगावर गेलात की ते उलटतं आणि तुमचेच राक्षस मरतात. मी मोठा राक्षस काढला. मारणार होतो, तेवढ्यात त्यांच्याकडं बघितलं. ते शांतपणे सुपारी कातरत होते. इतका शांत माणूस बिनसापळ्याचा असेल? मी थांबलो. पुढच्या पाळीला त्यांनी आणखी एक पान उपडं ठेवलं. मी आणखी एक राक्षस आणला आणि पुन्हा थांबलो. असं चालत राहिलं. टेबलावर माझी अख्खी फौज उभी, समोर नुसती पाठमोरी पानं, आणि एका पाळीला मी गड्डीकडं हात नेला तर गड्डी संपलेली.

"तुमच्याकडं उचलायला काय न्हाय," मालक म्हणाले.

मी त्यांची पानं उलटून बघितली. एक छत्रीवाली परी, जिचा कशालाच उपयोग नाही. एक झाड. आणि आणखी एक झाड.

"म्हणजे मी मारलं असतं तर?"

"तर म्या मेलो असतो की."

दुसऱ्या दिवशी मी दात-ओठ खाऊन पहिल्याच संधीला मारलं. या वेळी सापळा खरा होता. तिथून पुढं मला त्यांचं कळलंच नाही. आणि पुन्हा कधी त्यांनी ती पानं मला उलटून बघूही दिली नाहीत. पहिल्यांदा बघू दिली ती शिकवण्यापुरती, म्हणाले.

आमच्यात तिसरा होता स्टँडवरचा कंट्रोलर. गाड्यांची वेळ पुकारून घसा बसलेला, तापट माणूस. तो पाच दिवट्यांवर हरला आणि उठून उभा राहिला. "ह्यो माणूस पानं लपवतोय! बाह्या वर करा, मालक!" मालकांनी बाह्या वर केल्या. टोपी काढून झटकली. काही नव्हतं. कंट्रोलरचं समाधान झालं नाही. मला विचाराल तर माझंही नाही. माणूस सरळ जिंकला की आपण वाईट वाटून घेतो आणि सोडून देतो, पण आडवाटेनं जिंकला की आठ दिवस झोप लागत नाही.

या खेळाचा वास पोलिसांपर्यंतही गेला. एक हवालदार डोकेदुखीची गोळी घ्यायला आला तो बराच वेळ आमच्यामागं उभा राहिला.

"पैसे कुठायत?" त्यानं शेवटी विचारलं.

"पैशावर न्हाय खेळत आमी," मालक म्हणाले.

"पैशावर न्हाय, मंग खेळायलाव कशाला?"

मालक म्हणाले, "तेच तर ह्या डॉक्टरला कळंना." हवालदार माझ्याकडं असा बघत गेला की त्यानंतर महिनाभर मी सगळी बिलं जपून ठेवली.

मुलगी शेवटच्या वर्षाला असताना तिनं पुण्याच्या एका स्पर्धेत बापाचं नाव घातलं. मी दुकान बंद ठेवून त्यांच्याबरोबर गेलो. मला बघायचं होतं, अनोळखी माणसांत यांची लबाडी चालते का. मोठं खेळण्यांचं दुकान, आत ओळीनं टेबलं, सगळी विशी-पंचविशीतली पोरं. त्यात आमचे टोपीवाले मालक. समोर आलेला पोरगा आधी हसला. मग मालकांनी तीन पानं उपडी ठेवली आणि सुपारी काढली. पोराचं हसू हळूहळू गेलं. तो एकदा मालकांच्या तोंडाकडं बघे, एकदा पानांकडं, एकदा अडकित्त्याकडं. शेवटी त्याचीही गड्डी संपली. त्यानं परीक्षकाला बोलावलं. परीक्षकानं गड्डी तपासली, खिसे रिकामे करायला लावले. खिशातून निघालं काय, तर चुन्याची डबी, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची किल्ली आणि देवीच्या यात्रेत वेचलेला एक चुन्याचा खडा. मुलगी मागं उभी राहून इतकी हसत होती की दोन टेबलं सोडून लोक वळून बघत होते.

पुढच्या फेरीत मात्र मालक उताणे पडले. समोर बारावीतली एक पोरगी होती आणि तिला बस गाठायची होती. तिनं उपड्या पानांकडं ढुंकून बघितलं नाही. आली, मारलं, परत मारलं, दप्तर उचललं, गेली. सापळा एकही नव्हता.

येताना गाडीत मालकांनी अडकित्ता खिशात घातला. म्हणाले, "जिला संशयच येत न्हाय, तिच्यापुढं आपलं काय चालत न्हाय, डॉक्टर. तुमी मातर लई बेस हाव खेळायला."

याला मी स्तुती समजायचं की काय, हे मी कंट्रोलरला विचारलं. तो म्हणाला, "शिवी हाय ती."

मग मुलीचं लग्न झालं, सोलापूरला. सासर चांगलं होतं असं सगळे म्हणाले. मालक वर्षाकाठी एक-दोनदा जाऊन यायचे आणि आल्यावर "बरंय" एवढंच सांगायचे.

आता त्या वर्षाचं सांगतो. दर वर्षी दसऱ्याच्या आधी मालक स्टँपपेपर घेऊन यायचे आणि अकरा महिन्यांचा करार नवा व्हायचा. त्या वर्षी दसरा गेला, दिवाळी आली, कराराचं नाव नाही. मी एकदा सहज विषय काढला, तर "बघू की" म्हणाले. मालकांनी "बघू की" म्हणणं मला बरं वाटलं नाही. स्टँडसमोरचा गाळा म्हणजे माझं सगळं होतं. गाडीतून उतरणारा पेशंट, देवीला आलेला यात्रेकरू, रात्री ताप भरलेलं पोर घेऊन आलेली बाई, सगळे आधी माझ्याच पायरीवर यायचे. तो गाळा गेला असता तर मेडिकल राहिलं असतं नुसतं नावाला.

मी डोळे उघडे ठेवले. पहिली गोष्ट, मालक कधी कधी मला घरी जेवायला बोलवायचे, ते बंद झालं. "घरात रंगाचं काम काढलंय" म्हणाले. रंगाचा एक डाग कुणाच्या अंगावर दिसला नाही. दुसरी गोष्ट, एक दिवस त्यांनी विचारलं, "डॉक्टर, ह्या गाळ्यात पाण्याची लाईन आणायची म्हणलं तर कुठनं आणावी?" मेडिकलला पाण्याची लाईन कशाला लागते? मी म्हटलं, मला नको. ते म्हणाले, "आपलं उगंच इचारलं."

तिसरी गोष्ट माझ्या जिव्हारी लागली. त्यांच्या सायकलीच्या हँडलला बार्शीच्या एका मेडिकलची कागदी पिशवी लटकत होती. एकदा नव्हे, तीनदा बघितली. माझं दुकान याच्याच गाळ्यात, माझ्याकडं मिळणार नाही असं औषध जगात नाही, आणि हा माणूस बसनं बार्शीला जाऊन औषध आणतो! मेडिकलवाल्याला यातून एकच अर्थ कळतो. बार्शीवाल्याशी यांचं काहीतरी शिजतंय.

आणि मग तेरा नंबरची गाडी आली. पांढरी, धुतलेली. तेरा नंबर म्हणजे सोलापूर जिल्हा, म्हणजे बार्शी. गाडीतून एक जाडसर माणूस उतरला. मालक त्याच्याशी रस्त्यापलीकडं उभं राहून बोलले, चहा पाजला नाही, आणि हात वर करून सरळ माझ्या दुकानाकडं बोट दाखवलं. मी काउंटरच्या आत बसून बघत होतो. त्या माणसानं माझ्या गाळ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, काहीतरी रागानं बोलला आणि गाडीत बसून गेला. मला वाटलं, भाव पटला नाही.

"कोण होतं?" दुपारी मी विचारलं.

"पाव्हणं," मालक म्हणाले आणि एक पान उपडं ठेवलं.

कंट्रोलर म्हणाला, "सरळ इचारा की त्येला. भेताव कशाला?" पण विचारलं आणि ते "व्हय, सोडा" म्हणाले, तर तिथंच सगळं संपलं असतं. विचारलं नाही तोवर गाळा माझा होता. मी रोज त्यांच्या तोंडाकडं बघत होतो आणि ते रोज सुपारी कातरत होते.

तेवढ्यात कळंब रोडला एक गाळा रिकामा झाला. जागा बाजूला होती, पण मालक नवा, बोलायला सरळ. मी रात्रभर विचार केला नाही, तासभरच केला. हाकलून लावण्याआधी आपण उठावं, म्हणजे निदान मान राहतो. दुसऱ्या दिवशी मालकांना सांगितलं, "मी गाळा सोडतोय."

खरं सांगतो, मला वाटत होतं ते नको म्हणतील.

अडकित्ता थांबला. ते म्हणाले, "बरं. कवा?"

एवढंच. सात वर्षं रोज दुपारी समोर बसलेल्या माणसाला "कवा?" सामान हलवताना ते आले, फ्रिजची एक बाजू त्यांनी धरली. फ्रिज टेंपोत चढला तरी त्यांनी हात काढला नाही. मला वाटलं, नीट बसला का ते बघतायत.

नंतर मी रोज स्टँडवरून एक फेरी मारायचो, बार्शीवाला कधी येतो ते बघायला. आधी कळंबचा प्लंबर आला. मग फरशी बसली. मग एका टेंपोतून झाकलेली खुर्ची उतरली, पुढं-मागं होणारी, वर दिवा असलेली. आणि एका सकाळी बोर्ड लागला. दंतवैद्य. खाली मालकांच्या मुलीचं नाव, आणि नावापुढं बापाचं आडनाव.

गावाला जे कळायचं ते एका तासात कळलं. पोरगी सासर सोडून आलीय, आणि आजची आलेली नाही. दिवाळीच्या आधीपासून घरात होती, मागच्या खोलीत, आणि शेजाऱ्यांनासुद्धा पत्ता नव्हता. मग सगळे दवाखान्यासमोर उभे राहून बोलायला लागले. बोलायला गर्दी, आत कुणी जाईना. काचेच्या दारामागं ती पांढरा कोट घालून बसलेली दिसायची, समोर रिकामी खुर्ची. दाढ दुखणारी माणसं तिच्या दारावरून चालत जाऊन बार्शीची गाडी पकडत होती. असे आठ-पंधरा दिवस गेले. कंट्रोलर म्हणाला, "महिन्याभरात कुलूप लागतंय बघा. मंग जाती परत सासरी, जाणार कुठं?"

मी त्या दिवशी सरळ मालकांच्या शेतात गेलो. ते उसाला पाणी देत होते.

"बार्शीच्या पिशव्या कशाच्या होत्या?" मी विचारलं. रामराम नाही, काही नाही.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग फावडं बाजूला ठेवलं.

"तिच्या गोळ्या. झोपंच्या. आन् मुक्या माराचं मलम. तुमच्याकडनं न्हेलं असतं, तर तुमी चिठ्ठीवरचं नाव वाचलं असतं."

मी वाचलंच असतं.

"आणि ती तेरा नंबरची गाडी?"

"तिचा सासरा. न्ह्यायला आलता. म्या म्हणलं, पोरगी येत न्हाय, हितं तिचा दवाखाना चालू व्हायलाय. कुठं, म्हणला. मंग बोट केलं."

"माझ्या दुकानाकडं!"

"दुसरं काय हुतं माझ्याकडं दाखवायला?"

"मी आत बसलो होतो, मालक. जिवंत."

"व्हय. त्येला म्हणलं, त्ये मेडिकलवाले उठायलेत."

मला भयंकर राग आला. सासऱ्याला त्यांनी माझं दुकान दाखवलं आणि मला सासरा दाखवला, आणि दोघांनाही काही सांगितलं नाही. आम्ही दोघंही आपापल्या घरी जाऊन त्याचा अर्थ लावत बसलो.

"मला सांगायचं होतं," मी म्हणालो. "मी गाळा दिला असता."

"दिला असता. तुमी मानूस वाईट न्हाव. पर कामून पायजे, ते इचारलं असतं का न्हाय?"

"विचारलं असतं."

"म्या सांगितलं असतं. आन् सांजच्याला कंट्रोलर तुमच्याकडं चहाला आल्यावर?"

सरी भरली होती आणि पाणी बांधावरून जायला लागलं होतं. त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं.

"आणि मी उठलोच नसतो तर?"

मालकांनी सुपारी काढली नाही. डोळा बारीक केला नाही. म्हणाले, "तर पाया पडलो असतो तुमच्या. भर स्टँडवर. ठरवलं हुतं म्या. ती म्हणली हुती, हितं जमलं न्हाय तर जाते बाबा परत, सोसंल तेवढं सोसते. म्या पाया पडलो असतो, डॉक्टर."

इतक्या वर्षांत या माणसाचं एकही वाक्य मी सरळ घेतलं नव्हतं. हे घेतलं. माझा राग गेला नव्हता, पण त्या रागाला तिथं जागा नव्हती. त्यांचे डोळे भरले होते आणि मला तिथं उभं राहवेना.

"उद्या तिला वेळ आहे का?" मी म्हणालो. "माझी मागची दाढ दुखतेय."

"खरंच दुखती का?" मालकांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी, बार्शीची गाडी लागायच्या वेळेला, स्टँड माणसांनी भरलेला असताना, मी कळंब रोडपासून चालत निघालो. गालाला हात लावला होता. कंट्रोलरनं हाक मारली, "काय झालं, डॉक्टर?" मी म्हणालो, "दाढ! रात्रभर डोळ्याला डोळा नाही!" आणि त्याच्यादेखत आत गेलो. ती उठून उभी राहिली. तिला मी लग्नानंतर आत्ता बघत होतो. फार वाळली होती.

खुर्ची मागं झुकली. वरचा दिवा लागला. तिनं तोंडात बारीक आरसा घातला, एकेक दाढ बघितली, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून. काचेच्या दाराला बाहेरून चार-पाच जणांची नाकं चिकटली होती. त्यात एक बाई पदरानं गाल धरून उभी होती.

"काका," ती हळूच म्हणाली, "दाढेला तर काहीच झालेलं नाही."

"माहितीय," मी म्हणालो. "तरी वेळ लाव."